सावळगडावरचे लाल डोळे

सह्याद्रीच्या एका उभ्या सुळक्यावर सावळगड उभा होता. पहाट झाली तरी तो किल्ला उजाडल्यासारखा दिसत नव्हता. कारण पातशाही तोफांचा रात्रभराचा धूर बुरुजांच्या कडेने दाटून राहिलेला, कोसळलेल्या तटाचा चुना वाऱ्यावर उडत असलेला, आणि त्या धुरात नि चुन्यात डोळे चोळत, खोकत, एकमेकांना शिव्या देत गडकरी सदरेकडे निघालेले. कोणाचे काही चुकले म्हणून नव्हे. किल्लेदारांना सर्वांचे डोळे पाहायचे होते.

गडाचे वैद्य नरहरशास्त्री या गर्दीत शक्य तितके मागे उभे होते. शास्त्रीबोवा औषधात हुशार आणि स्वभावाने भित्रे. नाडी पाहताना रोग्याच्या हातापेक्षा त्यांचाच हात अधिक थरथरे. पण आज थरथरण्यास कारण होते. रात्री पश्चिमेच्या तटावरून कोणी तरी मशाल हलवून गनिमाला इशारा दिला होता. फितूर शोधण्याची युक्ती सबनीस चिमणाजीपंतांनी सुचवली: जो रात्रभर जागला, त्याचे डोळे सकाळी लाल असणार. किल्लेदार दर्याजीराव काटकरांना ती युक्ती इतकी पसंत पडली, की सापडेल त्याचा कडेलोट करण्याचा हुकूम त्यांनी माणूस सापडण्याआधीच देऊन टाकला.

पंत रांगेतून फिरले. डोळे सगळ्यांचेच लाल होते. पंतांनी त्यांतही प्रतवारी लावली आणि सटवाजी गोलंदाजापाशी येऊन थांबले.

"सरकार, हा पाहावा. पळस फुलला आहे नुसता!"

सटवाजी पश्चिम बुरुजावरचा गोलंदाज. त्याचा नेम असा, की गनिमाचे लोक त्या बाजूला जेवायलाही बसत नसत.

"सटवाजी," दर्याजीराव म्हणाले, "रात्री तुझा पहारा नव्हता. कुठे होतास?"

सटवाजीने मान खाली घातली.

"बोल की रे, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?" मागून कोणी तरी कुजबुजले.

शास्त्रीबोवांना मात्र उत्तर ठाऊक होते. सटवाजीचा थोरला लेक तटावर गोळा लागून पडला, त्या दिवशी बाप तोफेपासून हलला नव्हता. आणि त्या दिवसापासून रोज रात्री तो देवळामागच्या, लेकाला माती दिली त्या ढिगाशी जाऊन बसत होता. डोळ्यांत घालायला काही द्या, पण कोणाला सांगू नका, असे त्याने शास्त्रीबोवांकडून वचन घेतले होते. गोलंदाज रडतो हे गडाला कळण्यापेक्षा त्याला कडा बरा वाटत होता.

"घेऊन चला," दर्याजीराव म्हणाले.

हशमांनी सटवाजीचे दंड धरले. शास्त्रीबोवांचे पाय पुढे आले. त्यांना स्वतःलाच त्याचे आश्चर्य वाटले.

"सरकार, अभय असावे."

"काय आहे, शास्त्रीबोवा?"

"गुन्हा डोळ्यांच्या लालीवर ठरत असेल, तर या सदरेवर सर्वांत लाल डोळे…" शास्त्रीबोवांनी हात जोडले, "सरकारांचे आहेत."

ही गोष्ट कित्येक दिवस गडावर प्रत्येकाने पाहिली होती, आणि सरकारांचा राग समजून प्रत्येकाने नजर खाली घातली होती. दर्याजीरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"आम्ही फितूर आहोत?"

"नाही, सरकार. सरकारांनी झोप टाकली आहे आणि वर डोळे चोळण्याची खोड आहे. या हशमाला धुराने झाले, त्या गवंड्याला चुन्याने. तटाचे पहारे पाहणाऱ्या सरनौबतांचे डोळे आले आहेत, आणि त्यांचा पंचा वापरून त्यांच्या भावाचेही. सटवाजीचे कारण निराळे आहे. ते मला ठाऊक आहे, पण मी वचनात बांधलेला आहे. त्यासाठी मलाही कड्यावर न्या. फक्त त्याआधी एवढे विचारावे, की महिनोन्‌महिने असा धूर खाऊन या गडावर एकाच माणसाचे डोळे मोगऱ्यासारखे पांढरे कसे राहिले?"

सगळ्या लाल डोळ्यांनी एकदम चिमणाजीपंतांकडे पाहिले.

"आम्ही गुलाबपाणी घालतो," पंत हसून म्हणाले.

"गुलाबपाण्याने धूर अडत नाही, पंत. तुमचे घर पश्चिमेला. तिथे आजवर एकही गोळा पडला नाही. सुखाची झोप लागते, म्हणून डोळे निवळलेले."

दर्याजीराव अत्यंत अदबीने म्हणाले, "पंत, आम्हांस झोपेची गरज आहे असे वैद्य म्हणतात. आज रात्री आम्ही आपल्या घरी निजतो. आपण आमच्या वाड्यात निजावे."

"आज?" पंतांचा चेहरा उतरला. "आज नको, सरकार. उद्यापासून खुशाल…"

"आज का नको?"

दर्याजीरावांनी लगेच हशमांना पंतांच्या घराच्या झडतीला धाडले. त्यांनी तिथल्या पलंगाखालून दोराची लांबलचक शिडी ओढून आणली, तेव्हा कारण विचारण्याचीही गरज उरली नाही.

कडेलोट झाला, माणूस तेवढा बदलला. त्या रात्री पंतांशी ठरल्याप्रमाणे गनीम पश्चिमेला शिडीची वाट पाहत आला आणि त्याला सटवाजीची तोफ भेटली. पहाटेपर्यंत खालची दरी विव्हळत होती. गडावरचीही पुष्कळ माणसे गेली. पावसाळ्याच्या तोंडाशी पातशाही फौजेने वेढा उठवला.

मग शास्त्रीबोवांचा अंमल सुरू झाला. उकळून निववलेल्या पाण्याने डोळे धुवा, गार पाण्याच्या घड्या ठेवा, प्रत्येकाने आपलाच पंचा वापरा, आणि डोळ्याला बोट लावाल तर बोट कापीन, असा त्यांनी दम भरला. गडावर त्यांना पहिल्यांदाच कोणी तरी घाबरले. दर्याजीराव पोटभर झोपले, दुखणे फार वाढलेल्या दोघांतिघांना घाटाखालच्या मोठ्या वैद्यांकडे धाडण्यात आले, आणि धूर ओसरला तसे एकेकाचे डोळे निवळत गेले.

सटवाजीचे मात्र लालच राहिले. सदरेवर तो आला की किल्लेदार त्याला आपल्या शेजारी बसवत, आणि त्याच्या डोळ्यांकडे न पाहता पावसाचे बोलत.