चांदीच्या पेशी का झोपल्या?

"तुझी शेळी बाद," यंत्रमानव बंड्या म्हणाला. तेही इतक्या गोड आवाजात, की त्याचं डोकं उचकटून ठेवावंसं वाटलं.

साल २०५२. माणदेशातल्या शेळ्यांत तापाची साथ आलेली. गावच्या प्रयोगशाळेत प्रत्येक शेळीचं रक्त तपासत होते. त्यातल्या भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या) जंतूंसोबत बशीत ठेवायच्या आणि वर सायटोकाइनचा थेंब टाकायचा. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप, प्रथिनाचा बनलेला. निरोप पोचला की पेशी जाग्या होतात, जंतूंवर तुटून पडतात. ज्या शेळीच्या पेशी जागणार नाहीत, ती कळपातून बाहेर. पहिलाच नंबर माझ्या चांदीचा, आणि पेशी ढिम्म.

"काल हिनं मला ढुशी मारून पाडलं. आणि ही अशक्त?" मी म्हणाले. "काळ्या बोकडाचं रक्त लाव. तो तरी धडधाकट आहे ना?"

"शाळा सोडलेल्यांनी मला प्रयोग शिकवू नयेत."

"लाव रे," जरीनाखाला म्हणाल्या. त्या इथल्या शास्त्रज्ञ. "केसर बरोबर बोलतेय."

बोकडाच्याही पेशी झोपलेल्याच. म्हणजे खोट शेळीत नाही, थेंबात. खालांनी बाटलीवरची चिठ्ठी उजेडात धरून वाचली.

"बंड्या, हा सायटोकाइन, इंटरफेरॉन गॅमा, उंदराचा आहे."

"नाव तेच आहे. कोणत्या जनावराचा, ते तुम्ही सांगितलं नव्हतंत."

खालांनी बाटली बाजूला ठेवली. मग मला म्हणाल्या, "कोंबड्यांना तीऽतीऽ केलं तर म्हशी धावत येतात का? तसंच हे. उंदराचा हा निरोप शेळीच्या पेशीला कळतच नाही."

"मग शेळीचा आणायचा कुठून? चांदीला पिळून?"

"रक्तातून काढायचा तर कळप पुरणार नाही. शेळीतलं त्याचं जनुक (प्रथिन बनवायची कृती) घ्यायचं, निरुपद्रवी जिवाणूत जोडायचं. जिवाणू वाढतात आणि तेच प्रथिन बनवतात. ते वेगळं काढून स्वच्छ करायचं. याला म्हणतात पुनःसंयोजित प्रथिन (जोडलेल्या जनुकापासून बनवलेलं)."

"म्हणजे आचारी जिवाणू, पण पदार्थ शेळीचा."

"अगदी."

आठवड्याभरात नवा थेंब तयार झाला. पडद्यावर चांदीच्या पेशी फुगल्या, पसरल्या, एकेक जंतू गिळायला लागल्या. बंड्यानं तिचं नाव कळपात परत घातलं.

"साथ आता कुत्र्यांत शिरतेय," खाला म्हणाल्या. "त्यांचा निरोप बनवायला हवा."

मी बंड्याला बाजूला सारून खुर्ची ओढली. "कुत्र्याची कृती कशी वाचायची, दाखवा."