दौलाच्या वाटणीची मूठ

"खोटारडी! पेव कुठंय ते सांग, आक्का!"

मुकबिलने वाडगं असं भिरकावलं, की उकडलेल्या रानपाल्याचा हिरवा गोळा भिंतीला जाऊन चिकटला.

"सांगितलं ना, पाणी शिरलं. सगळी ज्वारी कुजली," दौला म्हणाली, आणि भिंतीवरचा पाला बोटांनी खरवडून पुन्हा वाडग्यात भरू लागली.

"कुजली? का तू एकटीच खातेस चोरून?"

एकटी...! त्या एका शब्दाने दौलाचं हृदय विदीर्ण झालं. आई गेली तेव्हा याच भावाला पाठीला बांधून तिने डोंगराच्या तेरा पायऱ्यांची शेती कसली होती, त्याच्यासाठी तीन स्थळं परत पाठवली होती. त्यातल्या एकाकडे तर म्हणे चाळीस उंट होते! आमच्या डोंगरावर उंट चढत नाही, तेव्हा मी आपले चारच धरतो. पण चार उंट सोडून भावाचं शेंबडं नाक पुसत बसणंही काही थोडं नव्हे.

लढाई पेटली तसा मुकबिल बंदरातलं काम सोडून बायको उल्फत आणि दोन वर्षांच्या लेकीसह घरी परतला होता. मदतीच्या गव्हाची पोती थंडीतच बंद झाली होती. गावात घरोघरी लोकांनी बियाणंसुद्धा दळून खाल्लं होतं. शेळीचं घोटभर दूध दौला सगळं पोरीला पाजायची, आणि स्वतःच्या वाटणीचा पालाही उल्फतपुढे सरकवायची. "मी डोंगरावर खाऊन आले गं..."

"वन्सं, डोंगरावर रोज कोण जेवायला बोलावतं तुम्हाला?" उल्फत कुत्सितपणे विचारायची.

जमिनीखालच्या त्या पेवात ज्वारी होती, हे खरंच! पण ती बापाच्या वेळची, उंच ताटांची, बियाण्याची ज्वारी होती. ती संपली तर येणाऱ्या पावसात काय पेरायचं, दगड? शिवाय लढाईच्या दिवसांत पेवाची जागा घरातल्या एकाच बाईला ठाऊक असावी, ही आमच्याकडची रीत. बंदूकवाले पुरुषाला नाक्यावर धरतात, आणि दोन फटक्यांत पुरुष पोपटासारखा बोलतो, हे आमच्या बायका चांगलं ओळखून आहेत. म्हणून दौला गप्प राहिली... चोर ठरली, आणि गप्प राहिली!

अखेर पेरणीचा तारा उगवला, डोंगरमाथ्यावर ढग आले. त्या सकाळी तिने शेळ्यांच्या गोठ्यातली माती उकरून पेवाची शिळा सरकवली आणि कुणी उतरू नये म्हणून तोंडावर काटेरी फांदी टाकली. कोंडलेली विषारी हवा निघायला दुपार होते. मग दिवा खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच माणसाने उतरायचं. तोवर पाला आणावा म्हणून ती डोंगरावर गेली.

मुकबिलने ती फांदी आणि तिच्याखालचं उघडं पेव पाहिलं. संतापाने तो आंधळा झाला! पोरवयातच बंदरात गेलेल्या त्या तरुणाला समुद्राचा राग कळायचा, पेवाचा नाही. त्याने थेट आत उडी मारली...

उल्फतची किंकाळी ऐकून दौला पाल्याचा भारा फेकून धावली. शेळीचा दोर कमरेला बांधून, दुसरं टोक उल्फतच्या हाती देऊन ती श्वास कोंडून उतरली, बेशुद्ध भावाच्या काखेतून दोराचा वेढा काढला आणि दोराला हिसका दिला. शेजारच्या बायाही धावून आल्या होत्या. मुकबिलला वर घेताना चौघींच्या हातांची सालं निघाली. मग दोराच्या टोकाला दौला वर आली. तिला उल्फतने एकटीने ओढलं... एका हाताने!

"अगं, वन्संना वजनच नाही!" उल्फत हंबरडा फोडून रडली.

दुपारी दिवा सोडला. तळाशी चार रांजण होते. चारही तोंडं मातीने लिंपलेली, आणि मातीवर मागच्या सुगीला उठलेले दौलाच्या बोटांचे ठसे शाबूत होते. एकही रांजण फुटलेला नव्हता.

शुद्धीवर आलेल्या मुकबिलने दौलाच्या पायांवर डोकं ठेवलं. "आक्का, मी तुला चोर म्हणालो गं... माझी जीभ का झडली नाही!"

दौलाने महत्प्रयासाने डोळे उघडले. "गाढवा... आधी दिवा सोडायचा नाही का?"

तो रडता रडता हसला, आणि मूठभर ज्वारी घेऊन उठला. "उल्फत, पेज टाक! आक्का, दोन घोट घे. एवढं ऐक!"

तिने ओठ घट्ट मिटले. त्याने विनवलं, शपथा घातल्या, लहान मुलासारखा पाय आपटला. शेवटी ती क्षीण स्वरात म्हणाली, "दळू नको रे. माझ्या वाटणीचं... पेर."

चार दिवस ती उशाशी बसलेल्या उल्फतकडून पेरणी कुठवर आली तेवढं ऐकत राहिली. तेरावी पायरी पेरून मुकबिल धापा टाकत दारात आला, तेव्हा उल्फतने पदराने तिचे डोळे मिटले होते.

ती मूठ त्याने घरामागच्या चिंचोळ्या पट्टीत वेगळी पेरली. तिथली ताटं इतकी वाढली की ढगांना कणसं टोचून पाऊस पडायचा, असं मी सांगतो तेव्हा पोरं हसतात. हसू देत. पण त्या पट्टीचं धान्य त्या घरात आजवर जात्यात पडलेलं नाही. दर पेरणीला मुकबिल ते गावात ओंजळ ओंजळ वाटतो... आणि देताना कुणाच्याही डोळ्यांत बघत नाही.