मुठीची खूण

ट्रिनाची आणि ग्रेडीची पहिली भेट झाली ती भांडणानं, आणि चूक सर्वस्वी ट्रिनाची होती. ती हे आजही मान्य करत नाही, पण म्हणून खरं बदलत नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. ट्रिना मेस्किट वेल्स गावच्या पोस्टात नवीनच लागली होती. अ‍ॅरिझोनाच्या त्या वाळवंटात विखुरलेल्या घरांना पत्रं आणि खोकी पोचवायची, रोज साठ मैल, बहुतेक सगळे कच्च्या रस्त्यानं. त्या दिवशी तिची जीप कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालली होती आणि समोरून एक बगी आली. छत नाही, दारं नाहीत, नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि खाली चार दांडगी चाकं. आत एक तरुण. त्यानं गाडी कडेला दाबली, तिला वाट दिली, आणि डावा हात वर करून तिला चक्क मूठ दाखवली!

ट्रिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरली.

"ओ मिस्टर! मूठ कुणाला दाखवता? रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

तो गांगरला. त्यानं गॉगल कपाळावर चढवला. सगळा चेहरा धुळीनं माखलेला, फक्त डोळ्यांभोवती दोन गोल कोरे राहिलेले. ट्रिनाला हसू फुटणार होतं, ते तिनं मोठ्या कष्टानं गिळलं.

"अहो, खूण आहे ती," तो म्हणाला. "मागून दोन गाड्या येत असल्या तर दोन बोटं, तीन असल्या तर तीन. मूठ म्हणजे... माझ्या मागे कुणी नाही. वळणावर धडक होऊ नये म्हणून सांगायचं असतं समोरच्याला."

"...अस्सं."

"मागे कुणी नाही," तो शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत म्हणाला, "शेजारीही कुणी नाही. पण त्याला खूण नाही."

"मी विचारलं का?"

"नाही. पुढंमागं विचाराल... म्हणून सांगून ठेवलं."

तिनं काही विचारलं नाही. पण पुढच्या शनिवारी ती त्या रिकाम्या सीटवर बसली होती. त्याच्या पुढच्याही. ग्रेडीचं गावात वेल्डिंगचं आणि टायरचं दुकान होतं. आठवडाभर तो ठिणग्यांत आणि ती पत्रांत, आणि शनिवारी दोघं वाळूत. हिवाळाभर हे असंच चाललं. सकाळच्या थंडीत एकाच थर्मासातली कॉफी, फॉइलमध्ये गुंडाळलेले अंड्याचे बरिटो, आणि चढावर इंजिन किंचाळत असताना ओरडून मारलेल्या गप्पा. एकदा धक्क्यांनी तिचा तळहात सोलला, कारण समोरची धरायची दांडी नुसती लोखंडाची होती. पुढच्या शनिवारी पाहते तर दांडीवर मऊ चामड्याची वादी, वेढ्यावर वेढा, आणि टोकाला एक सुरेख आडवी गाठ.

"माझ्यासाठी?" तिनं विचारलं होतं.

"दांडीला थंडी वाजत होती," तो म्हणाला.

बस्स. एवढंच. सबंध हिवाळ्यात ग्रेडीच्या तोंडून प्रेमाचा शब्द म्हणून निघाला तो हाच. ट्रिना वाट बघून बघून कंटाळली आणि तिनं ठरवलं की आपली स्वतःची बगी घ्यायची. जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून उड्या काय मारायच्या?

लाँड्रीतल्या फळ्यावर कागद होता. जुनी बगी विकणे आहे, निळी, दोन सीटची, सात हजार डॉलर, खाली फोन नंबर. ट्रिनानं तो कागद ग्रेडीला दाखवला. "येशील बघायला? मला गाडीतलं काय कळतं?"

ग्रेडीनं कागदावरचा फोटो पाहिला. "शेल्बीची आहे," एवढंच म्हणाला.

शेल्बी! हे नाव ट्रिनानं पोस्टात ऐकलं होतं. पोस्टात सगळंच ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी ग्रेडीचं तिच्याशी ठरलं होतं, मग मोडलं. कुणी मोडलं ते पोस्टालाही ठाऊक नव्हतं. लग्न नाही, साखरपुडा नाही, साधा प्रेमाचा शब्द नाही, आणि ट्रिनाच्या मनात सवतीची धास्ती मात्र वेळेवर उभी राहिली.

"मग तर बघायलाच हवी," ती म्हणाली.

शेल्बी वाईट असती तर फार बरं झालं असतं. पण ती चांगली होती. उंच, उन्हानं रापलेली, मोकळ्या हसण्याची. बहीण तीन मुलांना घेऊन राहायला आली, दोन सीटच्या गाडीत सगळी मावत नाहीत, म्हणून विकते, असं तिनं सरळ सांगितलं. थंड चहाचे ग्लास आणून हातात दिले. आणि मग "ग्रेड्स, वाळलास रे!" म्हणत त्याच्या कॉलरवरची धूळ बोटानं झटकली. वाळवंटात कॉलरवरची धूळ कुणी झटकतं? झटकायची तर सगळं गाव झटकावं लागेल! ट्रिनानं चहाचा घोट घेतला; तिला तो कडू लागला.

ग्रेडी गाडीखाली शिरला. त्यानं नळ्यांचा एकेक सांधा नखानं खरवडून पाहिला, चाकं हलवून पाहिली. हवेच्या गाळणीमागच्या नळीत बोट घालून फिरवलं. तिथं धूळ सापडली तर इंजिन वाळू खातंय समजायचं, हे त्यानंच ट्रिनाला कधीतरी शिकवलं होतं. बोट बाहेर आलं. स्वच्छ होतं. ट्रिनानं पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे ग्रेडीनं पाहिलं नाही.

"घेऊ नको," तो हात पुसत म्हणाला.

"का?"

"रंग... उन्हानं उडेल."

"उडू दे. मी काय तिला वरातीत नेणार आहे?"

"सीट कडक आहे."

"पोस्टाच्या जीपची दगडाची आहे. पुढे?"

"पुढे... नको घेऊस. मला नाही पसंत."

शेल्बी खळखळून हसली. "अरे, ह्या नळ्या तूच जोडल्यास ना? स्वतःच्याच कामाला नावं ठेवणारा कारागीर पहिल्यांदा बघतेय मी."

ट्रिना हसली नाही. तिची नजर आत, उजव्या सीटसमोरच्या दांडीवर गेली होती. चामड्याची वादी. वेढ्यावर वेढा. टोकाला तीच सुरेख आडवी गाठ.

"ही... कुणी गुंडाळली?" आवाज आपलाच आहे का, अशी तिला शंका आली.

"ती होय? जुनी गोष्ट. आम्ही दोघांनी मिळून."

आम्ही दोघांनी! ट्रिनाच्या डोळ्यांसमोर ते चित्र लख्ख उभं राहिलं. दोन डोकी जवळ, चार हात एका वादीवर, आणि मधे कुणाला दांडीची थंडी वाजत होती देव जाणे. सबंध हिवाळा ती ज्या वेढ्यांना आपलं समजून धरून बसली होती, ते उष्टे निघाले. म्हणूनच तर! म्हणूनच ह्याला वाटतं की ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये. अजून जीव अडकलाय इथं.

"मी एक चक्कर मारून बघते," ती शेल्बीला म्हणाली.

"मी येतो," ग्रेडी म्हणाला.

"काही गरज नाही."

ती निघाली. आणि गाडी इतकी छान चालली की तिला आणखीच राग आला. चाकं वाळूत बुडत नव्हती, वळणावर हलक्या हातानं वळत होती. कडेच्या झुडपांना रात्रीच्या दवाचा वास होता. उजवीकडची सीट रिकामी होती, आणि समोरची ती दांडी तिच्याकडे बघत होती. घ्यावी, तर रोज शेल्बीची गाठ डोळ्यांसमोर. सोडावी, तर शेल्बी जिंकली. आणि ग्रेडी? त्याचा निकाल तर गाडीआधीच लागला होता, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वळणावरून समोर बग्यांचा एक तांडा आला. हिवाळ्यापुरते उत्तरेतून येणारे म्हातारे, सगळी तिच्याच टपालाची गिऱ्हाइकं. पुढे मिस्टर हॉगन. त्यांनी तीन बोटं दाखवली. ट्रिनानं मूठ वर केली, जरा जास्तच जोरात. माझ्या मागे कुणी नाही. शेजारीही नाही. कुणीच नाही!

चौथी गाडी मिसेस हॉगनची होती. ती तिच्याशेजारी येऊन थांबली.

"काय गं पोरी, मूठ दाखवलीस ना तू? मग ते मागं धुळीत कोण येतंय?"

ट्रिनानं वळून पाहिलं. बरंच मागे, तिची धूळ खात, ग्रेडीची बगी येत होती.

"मला काय माहीत तो येतोय ते!"

"माहीत नसेल तर बघायचं वळून. तीस हिवाळे गाडी हाकतेय मी या वाळूत. भांडा, रुसा, एकमेकांची डोकी फोडा, पण खूण खोटी द्यायची नाही. पुढच्या वळणावर आमचा म्हातारा बेफिकीर जाऊन धडकला असता म्हणजे?" मिसेस हॉगननं चष्म्यावरून तिचे डोळे निरखले आणि आवाज उतरवला. "रडतेस होय? मग रड. पण पुढच्या वेळी बोट दाखव." आणि म्हातारी धुरळा उडवत निघून गेली.

ग्रेडी येऊन थांबला. आज तर गॉगलही घातला नव्हता; पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"कशाला आलास मागे?"

"चाकं डावीकडे ओढतात का ते बघायला."

"खोटं! तुझं बोट स्वच्छ होतं, ग्रेडी. मी पाहिलंय. गाडीत काहीच खोट नाही. तुला शेल्बीची गाडी दुसऱ्या कुणाकडे गेलेली बघवत नाही, हे सरळ सांग ना!"

"शेल्बीची?" तो खरोखरच गोंधळला. "शेल्बीचा काय संबंध? अगं, तू ती घेतलीस की तू तुझी फिरशील. मग शनिवारी माझ्या शेजारी... कोण बसणार?"

वाळवंटात कधी कधी वारा एकदम पडतो. तसं झालं. ट्रिनानं इंजिन बंद केलं.

"हे हिवाळाभर बोलला नाहीस," ती हळूच म्हणाली.

"वाटलं, तुला कळलं असेल. आणि कळून तू गप्प असशील, तर... कशाला विचारा?"

"आणि ती वादी?"

ग्रेडीनं मान खाली घातली. "ती गाठ शेल्बीनंच शिकवली मला. खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी हात तुझा सोलला होता, ट्रिना. तुला घरी सोडलं आणि जेवायच्या आधी वादी शोधायला बसलो. तुझाच हात होता डोक्यात, दुसऱ्या कुणाचा नव्हता."

मत्सर असा एका वाक्यानं जात नाही. तो पाहुण्यासारखा दारात रेंगाळतो, चपला घालतो आणि पुन्हा एक विषय काढतो.

"ती तुला ग्रेड्स म्हणते," ट्रिना म्हणाली.

"म्हणते."

"मी काय म्हणू?"

"तू... शनिवारी येते म्हण."

आता मात्र ट्रिनाला हसू आवरलं नाही. रडत रडत हसली, आणि ग्रेडीनं बाहीनं तिचे गाल पुसायला जाऊन सगळ्या तोंडाला चिखल केला.

"गाडी मी घेणार," ती म्हणाली. "शनिवारी मी पुढे, तू मागे. रविवारी मी तुझ्या शेजारी. कबूल?"

"कबूल."

"आणि ही वादी आजच सोडून टाकायची. दोन्ही गाड्यांची."

"दांडी बोचेल गं."

"मग नवी गुंडाळ. दुसऱ्या गाठीची."

"मला एकच गाठ येते."

"शीक."

तो शिकला. दोन आठवडे दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून शिकला. शेवटी जी गाठ जमली ती इतकी ओबडधोबड होती की मिस्टर हॉगननी तिला उंदीर समजून बोटानं टोचून पाहिलं. ट्रिनाला ती गाठ जगात सर्वांत सुंदर वाटली.

मग तो शनिवार आला. निळी बगी पुढे, ग्रेडी मागे. कोरड्या ओढ्याच्या त्याच पात्रात, अगदी त्याच वळणावर, समोरून चार सीटची एक गाडी आली. चालवत होती शेल्बी. तिनं ट्रिनाला ओळखून मूठ वर केली. बहिणीच्या तिन्ही पोरांनी दहाच्या दहा बोटं नाचवली. मिसेस हॉगन असती तर घेरी येऊन पडली असती.

ट्रिनानं एक बोट वर केलं. दंड दुखेपर्यंत वर केलं. एक आहे माझ्या मागे, नीट मोजून घे! शेल्बी हसली, दोनदा भोंगा वाजवला आणि पुढे गेली.

आता समोर बघून गाडी हाकायची की नाही? पण ट्रिनानं आरशात पाहिलं. शेल्बीची गाडी ग्रेडीच्या गाडीजवळ पोचली. पोरं ओरडत होती, शेल्बी हात हलवत होती. ग्रेडीची नजर समोरच्या निळ्या गाडीवर होती. त्यानं डावा हात वर केला.

मूठ होती. घट्ट.