दहा अंश उजवीकडे

नागपूरहून उडालेल्या छोट्या विमानात वैमानिक शाल्मली गावितला काम असं नव्हतंच. उपग्रहांना क्षणोक्षणी आपली जागा विचारत 'वाटाड्या' ही यंत्रणाच विमान नेई. सगळ्या विमानांतल्या वैमानिकांच्या खुर्च्या कंपनी पुढच्या महिन्यात काढूनच टाकणार होती.

मागे रक्तपेढीचे उद्धव मडावी शीतपेटी सांभाळत बसले होते. गडचिरोलीत एक बाळंतीण रक्तस्रावाने खचत चालली होती. तिचा दुर्मिळ 'बॉम्बे' रक्तगट मिळाला तो याच दोन पिशव्यांत.

बाराव्या मिनिटाला वाटाड्या बोलला, "सौरवादळामुळे उपग्रह गप्प आहेत. विमान तुम्ही घ्या. नकाशाप्रमाणे एकशे पस्तीस अंश धरा."

खाली नुसते ढग. शाल्मलीने सुकाणू पकडलं, होकायंत्राकडे पाहिलं आणि विमानाचं नाक एकशे पंचेचाळीसवर वळवलं.

"ताई, तो एकशे पस्तीस म्हणाला ना?" मडावी दचकले.

"गाव तिकडेच आहे, काका. पण सकाळच्या अहवालात नैर्ऋत्येचा वारा आहे, ताशी चाळीस किलोमीटर. तो आपल्याला डावीकडे ढकलतोय. नाक उजवीकडे ठेवलं, तरच सरळ जाऊ."

मडावी पुढे झुकले. "म्हणजे डोंग्यासारखं! वैनगंगेत समोरचा घाट गाठायचा, तर आम्ही डोंगा धारेवर चढता धरतो."

"अगदी तसंच!"

शाल्मलीची नजर घड्याळावरून होकायंत्रावर, पुन्हा घड्याळावर. चुकलं तर? छत्तिसाव्या मिनिटाला गडचिरोली यायला हवी होती; पस्तिसावं संपत आलं तरी ढग हटेनात.

"नदी!" मडावी ओरडले.

ढगांच्या फटीतून वैनगंगेचं रुंद पात्र चमकलं आणि पलीकडे, नाकाच्या किंचित डावीकडे, धावपट्टी. वाटाड्याचं ऐकलं असतं तर विमान सोळा किलोमीटर भरकटलं असतं.

तासाभराने मडावी रुग्णालयातून धावतच बाहेर आले. "वाचली! माय वाचली, पोरगीही ठणठणीत!" शाल्मली पायरीवरच बसली आणि हसता हसता रडू लागली.

संध्याकाळी उपग्रह पुन्हा बोलू लागले, तेव्हा कंपनीच्या मुख्य अधिकारी बाईंचा फोन आला. "खुर्च्या काढायच्या नाहीत, असं ठरलंय. पण त्यांत बसणाऱ्या शंभर जणांना होकायंत्र वाचताच येत नाही. गावित, शिकवायला कधीपासून येता?"