बोका वाफ्यात का झोपेना?

“बाजूला व्हा, बाजूला! पाणी येतंय!” भोंगा जिन्यावरून बोंबलत निघाला होता.

“येत नाहीये, सांडतंय!” मागून ठिणगी ओरडली. “वर पोचेपर्यंत बादलीत काय उरणार? तुझं कपाळ?”

“माझे मोजे भिजले,” तिसरी बादली घेऊन येणारी शंका म्हणाली. “पण मला एक शंका आहे...”

“नेहमीच असते!” दोघंही एकदम म्हणाली.

खरी नावं या तिघांना शाळेच्या हजेरीपुरतीच. भोंग्याचा आवाज गल्लीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत जायचा. शंकाला प्रत्येक गोष्टीत शंका यायची. आणि ठिणगी कशावरून कधी पेटेल याचा नेम नसायचा. सुट्टीत गुहा शोधू, तराफा बांधू असे बेत ठरले होते आणि झालं काय? सुट्टी लागली आणि त्याच दिवशी गल्लीतली वीज गेली, ती गेलीच! पंप बंद, म्हणून टाकीत पाणी नाही. टाकीत पाणी नाही, म्हणून तराफ्याऐवजी बादल्या!

ठिणगीच्या घरात तर नुसती धमाल चालली होती. बाबांचं इस्त्रीचं दुकान. वीज नाही तर इस्त्री कुठली? पण गिऱ्हाइकांना नाही म्हणणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सगळ्या पँटी नीट घडी घालून गाद्यांखाली सरकवल्या होत्या.

“ठिणगे, जरा खिडकीकडच्या गादीवर बैस. डॉक्टरांच्या पँटला अजून धार आली नाही.”

“मी कालपासून डॉक्टरांवरच बसलेय, बाबा!”

“मग आता वकिलांवर बैस. आजी, तुम्ही हलू नका हं, तुमच्याखाली नवरदेवाचा सूट आहे!”

आजी हसून हसून बेजार झाली. हसली नाही ती फक्त आई. एरवी या घरात सगळ्यांत मोठं हसू तिचंच असायचं.

आई वीजखात्याच्या केबल टोळीत कामाला होती. जमिनीखालून जाणाऱ्या जाडजूड केबलचे दोन तुकडे जोडायचे, त्याला जॉइंट म्हणतात. तो करणारी टोळीतली ती एकटीच बाई. गल्लीच्या कोपऱ्यावरचा जॉइंट तिने गेल्याच महिन्यात केला होता. आता वीज गेल्यावर सगळ्या गल्लीने बोट दाखवलं ते त्या कोपऱ्याकडेच!

“आज शेवटचा दिवस,” आई म्हणाली. “मुख्य ऑफिसातून ठोक्याची गाडी आली आहे. संध्याकाळी ती दुसरीकडे जाणार. तोवर बिघाड सापडला नाही तर मुकादम माझा जॉइंट कापणार. खराब निघाला, की मी टोळीतून बाहेर. मग बसा ऑफिसात कागदांना टाचण्या लावत.”

“पण तुझा जॉइंट चांगलाच आहे!” ठिणगी उसळली.

“मला तसंच वाटतं गं. पण तो जमिनीखाली आहे, आणि वाटण्यावर कुणी वीज सोडत नाही.” आईने बूट चढवले आणि ती निघून गेली.

ऑफिसात टाचण्या लावणारी आई ठिणगीच्या डोळ्यांसमोर येईना. खड्ड्यात उतरून कोपरापर्यंत माखलेली आई, हीच तिची आई! शाळेत कुणीही विचारलं तर ती ते ऐटीत सांगायची.

तिघं रस्त्यावर आली. कोपऱ्यावर एक मोठी बंद गाडी उभी होती. ती केबलमध्ये थांबून थांबून विजेचा जोरदार झटका सोडत होती. जिथे केबल फुटली असेल तिथे जमिनीखालून ‘धप्प’ असा ठोका येणार! मुकादम कानांवर यंत्र लावून जॉइंटपाशी उकिडवे बसले होते. आईला गाडीजवळ थांबवलं होतं. जॉइंट तिचा, म्हणून ऐकायचं काम तिला नव्हतं.

“काही ऐकू येतंय?” आईने विचारलं.

“काय ऐकू येणार, डोंबल! तो बघा!” मुकादमांनी गल्लीच्या मध्याकडे हात केला.

तिथे अध्यक्षकाकांचा जनरेटर धडाडत होता. अध्यक्षकाका म्हणजे रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. सगळी गल्ली जिन्यांवरून बादल्या वाहत असताना यांच्या घरात टीव्ही चालू होता. मुकादमांनी दोनदा निरोप धाडला होता, पण “माझा फ्रीज वितळेल, तुमचा बिघाड तुम्ही शोधा!” असं उत्तर आलं होतं. वर वीजखात्याच्या नावाने सगळ्यांत मोठा आरडाओरडाही त्यांचाच.

“आवाज येवो न येवो, जॉइंटच असणार,” मुकादम म्हणाले. “बहुतेक वेळा जॉइंटच असतो.”

“मला एक शंका आहे,” शंका हळूच म्हणाली.

या वेळी दोघंही तिच्याकडे वळली.

“आमचा बोका माहितीये ना? थंडी पडली तसा तो रोज सकाळी अध्यक्षकाकांच्या फुलांच्या वाफ्यात झोपायला जायचा. नेमक्या एकाच जागी. काकू हाकलून दमल्या, पण हा हटायचा नाही. आणि वीज गेल्यापासून तो तिकडे फिरकलेलाच नाही! माझ्याच पांघरुणात घुसतो. असं का?”

“काकूंनी पाणी ओतलं असेल त्याच्यावर,” भोंगा म्हणाला.

ठिणगी मात्र वाफ्याकडे टक लावून बघत होती. रस्त्याच्या कडेचा तो लांबलचक वाफा काकांनी नुकताच केला होता. भोवती लोखंडी खुंट ठोकून छान कुंपणही घातलं होतं. सगळी फुलझाडं टवटवीत होती, पण एका खुंटापाशी हातभर जागेतली झाडं पार करपली होती.

“तीच जागा ना बोक्याची?”

शंकाने मान डोलावली.

“जमीन खालून गरम होती!” ठिणगी एकदम ओरडली. “केबल तिथे जखमी झाली होती. वीज झिरपत होती, माती तापत होती आणि बोकोबा शेकत होते! मग केबल पुरती फुटली, वीज गेली. माती गार, बोका घरी!”

ती वाऱ्यासारखी मुकादमांकडे धावली. मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“म्हणजे मी वरच्या साहेबांना सांगू, की मांजराने सांगितलं म्हणून रस्ता खणला? पोरी, तिथे ठोका ऐकू आला तर आत्ता खणतो. पण या जनरेटरपुढे मला माझंच बोलणं ऐकू येत नाही!”

आईने ठिणगीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आज पहिल्यांदाच थोडी चमक आली. “कुंपणाला हात लावायचा नाही, वाफ्यात पाय टाकायचा नाही,” ती बजावून म्हणाली. “रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं. बाकी काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

जनरेटर बंद कसा करायचा? नुसती विनंती करून काका ऐकणार नव्हते. गुपचूप बटण दाबणं धोक्याचं आणि चूकही.

“त्यांना स्वतःलाच बंद करावासा वाटला पाहिजे,” ठिणगी पुटपुटली. “काकांना फ्रीजपेक्षा जास्त प्रिय काय आहे?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही एकदम किंचाळली, “भाषण!”

मग काय! भोंगा घसा साफ करून अध्यक्षकाकांच्या दारात उभा राहिला. “काका, अख्खी गल्ली खवळलीय! वीजखात्याला चार शब्द सुनवायला तुमच्याशिवाय आहे कोण?”

“तेही खरंच,” म्हणत काकांनी लगेच केसांवरून कंगवा फिरवला. तोवर ठिणगीने आणि शंकाने घराघरांतून माणसं गोळा केली. बाबा आजीचा हात धरून आले. सगळे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले आणि काका आपल्या पायरीवर चढले.

“बंधूंनो आणि भगिनींनो!”

“धडधडधडधड,” जनरेटर म्हणाला.

“ऐकू येत नाही!” भोंगा मागून ओरडला. “एवढं छान भाषण वाया चाललंय हो!”

“मोठ्याने बोला!” आजीनेही आवाज दिला. तिला बेत ठाऊक नव्हता, तिला खरंच ऐकू येत नव्हतं!

काकांनी आवाज चढवला, शिरा ताणल्या, घसा खाकरला. शेवटी वैतागून ते खाली उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने जनरेटर बंद केला.

गल्ली एकदम शांत झाली. यंत्र सावरत मुकादम दबक्या पावलांनी पुढे आले.

“हां! तर मी म्हणत होतो,” काका गरजले, “आज आपण अंधारात आहोत, ते कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे! त्या माणसाला मी सोडणार नाही! त्या बेजबाबदार माणसाचं नाव—”

धप्प!

“कोण पाय आपटतंय?” काकांनी डोळे वटारले. “तर त्याचं नाव—”

धप्प!

आता सगळ्यांच्याच माना वळल्या. ठोका येत होता तो काकांच्या वाफ्यातून, करपलेल्या झाडांच्या खालून! मुकादमांनी कानांवरचं यंत्रच काढून टाकलं. त्याची गरजच उरली नव्हती.

“सापडला!” ते ओरडले. “गाडी बंद करा! कुदळी आणा!”

झटके थांबवून, केबल तपासून मगच टोळीने खणायला घेतलं. थोडं खणल्यावर जे दिसलं ते बघायला सगळी गल्ली वाकली. कुंपणाचा एक लोखंडी खुंट थेट केबलच्या कातडीत घुसला होता! रोजच्या पाण्याने ती जखम आतून जळत गेली होती.

“पण इथे खाली केबल आहे हे सांगणारा दगड रोवला होता आम्ही,” आई म्हणाली. “तो कुठे गेला?”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “तो होय? तो... कुंपणाच्या रेषेत येत होता. म्हणून मी उपटून, रंगवून त्याच्यावर कुंडी ठेवली.”

“म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!” आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

हशा पिकला, पण काका त्यात निसटले नाहीत हे मात्र मान्य करायला हवं. ते पायरीवरून खाली आले आणि सगळ्यांसमोर आईपुढे उभे राहिले. “ताई, मी तुमच्या कामाला नावं ठेवली आणि चूक माझी निघाली. मला माफ करा. आणि माझा जनरेटर आता टाकीच्या पंपाला जोडा, आधी सगळ्यांना पाणी मिळू दे.”

“ते करूच,” आई म्हणाली, “पण आधी वाट द्या. मला खड्ड्यात उतरायचंय.”

मुकादमांनी स्वतः तिच्या हातात हत्यारं दिली. “जॉइंट तुम्हीच करायचा. तुमचा आधीचा मी उगाच कापणार होतो.”

आणि मग ज्या गल्लीने बोटं दाखवली होती तीच गल्ली खड्ड्याभोवती दोरीबाहेर गपगार उभी राहिली. आईचे हात सराईतपणे चालत होते. सोलायचं, पुसायचं, जोडायचं, दाबायचं, गुंडाळायचं. काम संपेपर्यंत एकही माणूस घरी गेला नाही. ठिणगी दोरीला चिकटून, चवड्यांवर उभी राहून बघत होती.

उन्हं कलली आणि मुकादमांनी खूण केली. कुठेतरी खटका पडला. खिडक्या, जिने, दुकानं भराभर उजळत गेली! पोरांनी केलेल्या आरडाओरडीत भोंग्याचाही आवाज बुडाला.

“शाब्बास, पोरांनो!” मुकादमांनी तिघांच्याही पाठी थोपटल्या. “माझ्या यंत्रापेक्षा तुमचे डोळे तेज! आणि त्या बोक्यालाही माझा सलाम सांगा.”

“पण मला एक शंका आहे,” शंका म्हणाली. “बोक्याला आता हिवाळ्यात झोपायला गरम जागा कुठली?”

“आमच्या दुकानात पाठव,” बाबा म्हणाले. “इस्त्री केलेल्या कपड्यांवर नको, टेबलाखाली!”

आई खड्ड्यातून वर आली. कोपरापर्यंत माखलेली, घामाने चिंब. टोळीतली सगळी माणसं तिचं कौतुक करत भोवती जमली होती. तिने त्या सगळ्यांमधून वाट काढली, चिखलाचे हात तसेच ठिणगीच्या खांद्यांवर ठेवले आणि तिला टोळीकडे वळवलं.

“नीट बघून ठेवा हिला,” आई म्हणाली. “ही माझी मुलगी.”