एक ते दहा हजार

"पटणार नाही तुम्हाला. लावा पैज!" ही गोष्ट सांगताना ठेकेदार सुरुवात अशीच करतो. ठेकेदार म्हणजे रस्ते बांधणारा नव्हे. हा ब्राउझरमध्ये कोड लिहून ठेके वाजवतो, म्हणून कचेरीत हे नाव पडलं आणि घरापर्यंत पोचलं. आज समोर मेहुणी होती. चार वर्षांनी बहिणीकडे आलेली, सोफ्यावर पाय वर घेऊन ऐसपैस बसलेली.

"मारा थाप, ठेकेदारसाहेब," ती म्हणाली. "ऐकतेय."

तर झालं असं. त्याची बायको ध्वनिमुद्रणासाठी पुस्तकं वाचायची. त्या संध्याकाळी पाचला तिची परीक्षा होती. प्रकाशक फोनवरून दहा पानं ऐकणार, पसंत पडलं तर तीन वर्षांचं काम.

"पाचला तुझी टकटक बंद म्हणजे बंद," तिने बजावलं होतं. "या गळ्याशिवाय माझ्याकडे आहे काय?"

"हुकूम, सरकार."

या धंद्यात आवाज आधीच लावून ठेवतात. हा दोन सेकंदांनी वाजेल, तो तासाभराने. आवाज लावला की ब्राउझर एक नंबर देतो, सामान ठेवल्यावर टोकन मिळतं तसा. रद्द करायचा तर तोच नंबर दाखवायचा. ठेकेदाराने दोन तासांचे ठोके लावले आणि नंबर जपून ठेवायची ओळच लिहायला विसरला. सगळी टोकनं काउंटरवर सोडून आला म्हणा ना!

पावणेपाचला त्याने ते पान बंद केलं.

टक.

स्पीकरची वायर उपटली. टक.

कॉम्प्युटरच बंद केला. खुर्चीत बसून कान दिला. खोलीच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं तिथून, टक.

"अरे, चालूच आहे की!" पलीकडून बायको ओरडली.

त्याने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि घायकुतीला आलेला माणूस करतो तेच केलं. एक ते दहा हजार, समोर येईल तो नंबर रद्द. कुणाचा का असेना! एंटर दाबलं. पडद्यावर आकडे पळू लागले आणि टकटक थांबली. त्याने हुश्श केलं.

मग लक्षात आलं, स्वयंपाकघरातला नळही गप्प झालाय. जाऊन पाहिलं तर थेंब पडत होते. पातेल्यावरच पडत होते. फ्रिजची घरघर गेली होती, पण हात लावला तेव्हा दार थरथरत होतं. खालच्या अंगणात एक कुत्रा मान वर करून तोंड उघडत होता, मिटत होता.

हे असलं काही नसतं, त्याने स्वतःला बजावलं. कानात दडा बसला असेल. भिंतीपलीकडे बायको वाचत होती, ते तर स्पष्ट ऐकू येत होतं.

"...तिने कडी काढली, आणि बाहेर..."

पुढे काही नाही.

तो पळाला. पावलं वाजली नाहीत.

कीबोर्डवर मूठ आपटली. तीही नाही.

आकडे थांबले. सहा हजार चारशे बारा.

शेजारच्या खोलीत बायको माइकसमोर ताठ बसली होती. तिचे ओठ हलत होते. तिने पान उलटलं. तिला अजून कळलं नव्हतं.

फोनचा दिवा लागला. पाच वाजले होते.

"एकदा रद्द झालं की परत येत नाही," ठेकेदार आता हळू बोलत होता. "नव्याने लावावं लागतं. वेळ देऊन. तेव्हापासून या घरात जे काही ऐकू येतं, ते..."

"आलेच हं, दोन मिनिटं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मेहुणीने टाळी वाजवली. "पकडलं! खोटं, साफ खोटं! ताई फोन उचलत नाही, मेसेजवर भागवते, ते मान्य. पण आवाज गेला म्हणे! मग आत्ता आतून कोण बोललं हो, भावोजी?"

ठेकेदार तिच्याकडे पाहत नव्हता. तो तिच्या मागे, बाहेरच्या दाराकडे पाहत होता.

मेहुणी वळली. हातात भाजीची पिशवी घेऊन ताई उंबऱ्यात उभी होती. बहिणीला पाहून तिचा चेहरा फुलला, ओठ भराभरा हलू लागले.

"आलेच हं, दोन मिनिटं!" आतून पुन्हा आवाज आला, त्याच सुरात.