नानांच्या खिशातलं साउंडकार्ड

लाइट गेली ना? बसा मग, घाई करून काय उपयोग. या उन्हाळ्यात गेली की तासभर येत नाही, आणि तिच्याशिवाय तुमच्या कॉम्प्युटरचं पोट उघडून मी करणार काय? शटर अर्धं ओढतो, झळ येते. हा दिवा असू द्या. माठातलं पाणी घ्या.

मघाशी तुम्ही विचारलंत, ही फाटकी वही गणपतीच्या फोटोजवळ का ठेवलीय म्हणून. सांगतो. हसलात तरी राग नाही, मीही पूर्वी असल्या गोष्टींना हसायचो.

वही धनसिंग नानांची. एरंडोलला राहायचे, शाळामास्तर होते, मला सातवीला शिकवलं. त्यांची एकुलती एक मुलगी सुलक्षणा, जन्मापासून तिला दिसत नाही. तिला बोलणारा कॉम्प्युटर हवा म्हणून नाना साठीत विंडोजऐवजी लिनक्स शिकले, कारण ते फुकट आणि त्यातला पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही फुकट. पण लिनक्सचं एक असतं, प्रत्येक सामान त्याला ओळखता येतंच असं नाही. म्हणून नाना एकेक वस्तू लावून बघायचे आणि वहीत तिचा नंबर लिहायचे. दोनच रकाने, 'चालतं' आणि 'चालत नाही'.

मी दहावीला आपटलो तेव्हा घरात कोणी धड बोलत नव्हतं. नानांनी बोलावलं, हातात पेचकस दिला. "नवल, आधी यंत्राला विचार, मग डोकं चालव," म्हणायचे. कॉम्प्युटरला काहीही जोडलं की लिनक्स त्याची नोंद स्वतःच करून ठेवतं, नाव, नंबर, वेळ, सगळं. "माणूस खोटं बोलेल, ही नोंद बोलत नाही." आज जळगावच्या या मेहरूणमध्ये माझं दुकान आहे, घरात चार माणसं जेवतात, ते या एका माणसामुळे. हे मी कोणालाही सांगतो.

नानांच्या कुडत्याच्या खिशात कायम एक यूएसबी साउंडकार्ड असायचं, अंगठ्याएवढं. लावलं की नाना त्यावर नखाने दोनदा टकटक करायचे. ते कुठल्याही मशीनला लावा, आवाज येणारच. वहीतली पहिली ओळ त्याचीच.

पौषात नाना गेले. अंगावरचे कपडे लोकांनी सरणावरच टाकले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी होतो. राखेत मला त्या कार्डाचं पत्र्याचं टोक सापडलं, वाकलेलं, काळं पडलेलं. अस्थींबरोबर मी ते या हातांनी तापीत सोडलं. हे लक्षात ठेवा.

चैत्रात व्होल्टेज वाढून सुलक्षणाचा कॉम्प्युटर जळला. मी नवा जुळवून दिला. नानांची वही तेव्हा माझ्याकडेच होती, पण बघतो कोण? सामान लिनक्सवर चालतं का, हे घेण्याआधी तपासायचं, एवढी साधी गोष्ट. मी म्हणालो, चालेल हो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्या मशीनची आवाजाची चिप इतकी नवी निघाली की लिनक्सला तिची ओळखच नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी सुलक्षणाचा फोन आला. "नवलभाऊ, काल तुम्ही मशीन पाठवलंत, तेव्हापासून आवाजच नाही. आज दोनला माझी परीक्षा आहे." पुण्याच्या एका ऑफिसची ती चाचणी होती, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम. पोरीने आठ महिने तयारी केलेली. पुन्हा संधी नव्हती. आणि कॉम्प्युटर बोलला नाही तर तिच्यासाठी ती नुसती पेटी.

मी ड्रॉवरमध्ये होतं ते एकच साउंडकार्ड घेतलं, नानांची वही पिशवीत टाकली आणि गाडीला किक मारली. अकराचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. एरंडोलला पोचलो तेव्हा गल्लीतल्या निंबाला झोके बांधलेले, पण पोरी उन्हाच्या भीतीने घरात गेलेल्या. रिकामा झोका जागच्या जागी हलत होता. सणामुळे बाजार बंद.

दारात प्रमिला अक्का, नानांच्या पत्नी. "उना का रे नवल? बस, पानी पे. आज त्यासनी पहिली घागर शे." माणूस गेल्यावर पहिल्या आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात, तशी ही नानांची.

माझं कार्ड लावलं. नोंदीत आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मेलेलं होतं. मग चिपच्या मागे लागलो. हे लिहून बघ, ते बदलून बघ, बंद कर, चालू कर. नोंदीत दर वेळी तेच, असं सामान माहीत नाही. सुलक्षणा शेजारी हेडफोन लावून बसलेली, मांडीवर हात. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी मी हेडफोनची पिन उपटून टेबलावर टाकली.

तेवढ्यात अक्का आल्या. "बारा वाजी ग्यात. आगारी टाकनी शे. त्यास्ले पोऱ्या नही, तूच पानी फिराव."

खरं सांगतो, मला रागच आला. इथे पोरीचं नुकसान होतंय आणि हे काय. पण अक्कांना नाही कसं म्हणणार? आत गव्हावर कोरी घागर, तिच्यावर लोटा, खरबूज, सांजोरी. पितरांना जेवण पोचावं म्हणून विस्तवावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतात, ती आगारी. घास टाकला, मी भोवती पाणी फिरवलं. अक्का म्हणाल्या, नाव ली. मी नाव घेतलं. आणि मनात म्हणालो, नाना, चूक माझी आहे, पोरीला कशाला शिक्षा... तुम्हीच बघा.

धूर वर गेला. तुपाचा वास होता. मग त्यात दुसरा वास मिसळला. सोल्डरिंगच्या कढत्या डागाचा, राळेचा. नानांच्या हातांना यायचा तो. माझं डाग द्यायचं यंत्र जळगावला दुकानात होतं.

बाहेरच्या खोलीतून सुलक्षणा हळू म्हणाली, "भाऊ... आला आवाज."

मी गेलो. ती बोटं चालवत होती, ऐकून मान हलवत होती. हेडफोन कानावर होता. त्याची पिन टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

नोंद उघडली. शेवटची ओळ, बारा वाजून चार मिनिटं, नवं साउंडकार्ड जोडलं गेलं, पुढे नंबर. मी पिशवीतून वही काढली. पहिलं पान, पहिली ओळ. एकेक आकडा बोट ठेवून दोनदा ताडून पाहिला. तोच नंबर.

मशीनच्या मागे वाकलो. सगळ्या खाचा रिकाम्या.

"काय बसवलंत, भाऊ?" सुलक्षणाने विचारलं.

"जुनंच होतं एक... नानांचं."

"वाटलंच," ती म्हणाली. "सुरू होताना दोनदा टकटक झालं."

दोन वाजता चाचणी सुरू झाली, साडेतीनला संपली. तेवढा वेळ मी उंबऱ्यावर बसून होतो. शर्ट ओला झाला होता आणि अंगात थंडी वाजत होती. चार दिवसांनी तिला काम मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात बसून रडलो. माझी चूक त्यांनी पोटात घातली होती.

पुढच्या आठवड्यात मी चांगलं कार्ड घेऊन गेलो. पिन तशीच लोंबत होती, सुलक्षणा काम करत होती. "भाऊ, त्याला हात लावू नका," ती म्हणाली. "चालतंय ना? चालू द्या." अक्का परसात पापड वाळवत होत्या. नवं कार्ड मी खिशातच ठेवलं.

निघण्याआधी सवयीने आवाजाची सेटिंग उघडली. तिथे माइकची एक हिरवी पट्टी असते. माइकपाशी आवाज झाला की वर जाते, शांत असलं की खाली पडून राहते. या घरात माइक नाही, कधीच नव्हता. सुलक्षणा टाइप करत होती, कळा खडखड वाजत होत्या, पण पट्टी हलत नव्हती. इथला आवाज तिथे पोचतच नव्हता.

तिला दिसत नाही, अक्का पाठमोऱ्या. मग मी पडद्यासमोर उभा राहून हात जोडले. तोंडातून शब्द काढला नाही, मनातच म्हणालो, नाना, उपकार झाले.

पट्टी सावकाश वर गेली, क्षणभर थांबली, आणि खाली आली.